तेजस सिम्युलेटरमध्ये उभं करताना

डीसीएस वर्ल्ड हा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर खेळणाऱ्यांना त्यातली विमानं पाठ असतात. हॉर्नेट, एफ-१६, मिराज २०००, मिग-२१. चीन आणि पाकिस्तानचं जेएफ-१७ सुद्धा २०१९ च्या डिसेंबरपासून आहे आणि ते फार निगुतीनं बनवलेलं आहे. तेजस नाही. मी नाशिकची. जवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात आधी मिग बनायचे, मग सुखोई जुळवली जाऊ लागली. त्यांच्या आवाजात आम्ही मोठे झालो. वर न बघता, नुसत्या आवाजावरून विमान सांगणारी पोरं आमच्या वर्गात होती. त्यामुळे रोज रात्री संगणकासमोर बसून दुसऱ्यांचीच विमानं उडवणं मला कधीतरी टोचणारच होतं. यंत्र अभियांत्रिकी शिकले होते, सी प्लस प्लस येत होतं. थ्रीडीच्या कामासाठी एक मित्र मिळाला, रंग आणि टेक्स्चरसाठी, म्हणजे मॉडेलच्या अंगावर चढवायच्या चित्रांसाठी, एक मैत्रीण. विमान उडवणारं गणित माझ्याकडे आलं.

सुरुवातीलाच एक नियम ठरवला, तो आजही पाळतो: जे जाहीर आहे तेवढंच वापरायचं. विमान बनवणाऱ्या कंपनीची पत्रकं, बंगळुरूजवळ येलहंकाला भरणाऱ्या एरो इंडिया प्रदर्शनात सगळ्यांना दिसतं ते, हवाई प्रदर्शनांच्या चित्रफिती, जगभरचे छापील शोधनिबंध. ओळखीपाळखीतून कुणी काही आतलं सांगायला लागलं तर विषय बदलायचा. हे विमान सेवेत आहे, त्यात माणसं बसतात.

दुसरा निर्णय होता कुठलं तेजस करायचं याचा. २०१६ साली ४५ व्या स्क्वाड्रनला मिळालेली पहिली विमानं आणि २०२० साली सुलूरला १८ व्या स्क्वाड्रनला मिळालेली विमानं लांबून सारखीच दिसतात, पण दुसऱ्यांच्या नाकाच्या उजव्या बाजूला हवेत इंधन भरून घ्यायची नळी आहे. आम्ही ही दुसरी, म्हणजे अंतिम मंजुरीची एफओसी आवृत्ती घेतली. ती निवडल्यामुळे तोफही आली. २३ मिलिमीटरची जीएसएच-२३, २२० गोळ्या. ट्रिगर धरून ठेवला तर सगळ्या गोळ्या चारेक सेकंदांत संपतात, आणि ही गोष्ट सिम्युलेटरमधल्या वैमानिकाच्या पहिल्याच लढाईत लक्षात येते.

आकार काढायचं काम बाहेरून सोपं वाटतं. लांबी १३.२ मीटर, पंखांचा विस्तार ८.२ मीटर, उंची ४.४ मीटर, हे आकडे कुठेही मिळतात. पण मधला प्रत्येक बाक फोटोवरूनच काढावा लागतो, आणि जवळून काढलेला फोटो खोटं बोलतो: नाक मोठं दिसतं, शेपूट बारीक. म्हणून आम्ही लांब लेन्सनं दुरून काढलेले फोटोच मोजायला घेतले. माप पडताळायला पंखाखालचं आर-७३ क्षेपणास्त्र फार उपयोगी पडलं. त्याची लांबी साधारण २.९ मीटर, हे पक्कं ठाऊक आहे. ते ज्या फोटोत नीट आडवं दिसतं, त्या फोटोतली फूटपट्टी म्हणजे तेच.

तेजसचा पंख हा सगळ्यात अवघड भाग. डेल्टा म्हटलं की डोळ्यांसमोर सरळ त्रिकोण येतो. इथे पुढची कड मध्येच मोडते, आणि तीही उलट्या दिशेनं: मुळाशी ती कमी तिरकी आहे, साधारण ५० अंश, आणि बाहेर गेल्यावर साडेबासष्ट. शिवाय पंखाला पीळ आहे. मित्रानं तो पीळ आधी डोळ्यांनी बसवला आणि मग मागून काढलेल्या फोटोंवर जाळी टाकून प्रत्येक छेद तपासला. बाहेरच्या पुढच्या कडेवर तीन तुकड्यांची स्लॅट, म्हणजे बाहेर येणारी पट्टी, मागच्या कडेवर प्रत्येक पंखाला दोन इलेव्हॉन, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या फळ्या, हे सगळं वेगळं कापून, प्रत्येकाची बिजागरी जिथे असायला हवी तिथेच ठेवावी लागते. बिजागरी बोटभर सरकली तरी इलेव्हॉन वर जाताना पंखात घुसतो आणि बाहेरच्या कॅमेऱ्यातून ते लगेच दिसतं.

आमच्या कॉलनीतले एक काका आयुष्यभर मिगच्या सांगाड्यावर काम करून निवृत्त झालेत. टेक्स्चरला हात घालण्याआधी मी त्यांना तेजसचे मोठे केलेले फोटो नेऊन दाखवले. तेजसवर त्यांनी कधी काम केलेलं नाही, म्हणून तर विचारायची सोय होती. चष्मा वर करून ते बराच वेळ बघत राहिले.

“मिगचं अंग हाताला कळतं गं,” ते म्हणाले. “रिबिटा लागतात हाताला. ह्याच्या अंगावर रिबिटाच नाहीत.”

“कार्बनचं आहे ना काका, वरचं जवळजवळ सगळं.”

“मग रेघा मारत बसू नका. ऊन पडल्यावर कसं दिसतं ते बघा.”

त्यांचं म्हणणं आमच्या रंगकामाचा पाया झालं. तेजसचा वजनानं सुमारे ४५ टक्के आणि पृष्ठभागानं सुमारे ९० टक्के भाग कॉम्पोझिटचा, म्हणजे कार्बनच्या धाग्यांसारख्या मिश्र पदार्थांचा आहे. जुन्या विमानांच्या मॉडेलवर रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या ओळी, पत्र्याचे पोचे, रंग उडून चमकणारा धातू हे सगळं रंगवून जिवंतपणा आणता येतो. इथे तो आधारच नाही. डीसीएसमध्ये प्रत्येक पृष्ठभागाला रंगाखेरीज एक वेगळं चित्र द्यावं लागतं, त्यात खडबडीतपणा आणि धातूपण नोंदवलेलं असतं. मैत्रिणीनं सगळं लक्ष त्यावर दिलं. झाकणांच्या कडांना हाताळून आलेला तुकतुकीतपणा, तोफेच्या तोंडामागे काजळी, एक्झॉस्टजवळच्या खऱ्या धातूचा निळसर-तपकिरी पट्टा. करडं विमान दुपारच्या उन्हात आणि संध्याकाळच्या उन्हात वेगळं दिसायला लागलं, तेव्हा ते रंगवलेलं वाटेनासं झालं.

मग हालचाली. डीसीएसमध्ये प्रत्येक हलणाऱ्या भागाला ठरलेला क्रमांक असतो. ० म्हणजे पुढचं चाक, ३ आणि ५ मागची दोन, ३८ म्हणजे कॅनोपी, वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण. क्रमांक बरोबर दिले की सिम्युलेटर ते भाग आपोआप ओळखतो. या भागावर फार लिहिण्यासारखं नाही. काम कंटाळवाणं आहे आणि ते करावंच लागतं.

आता गणिताकडे येते. या सगळ्या खटाटोपात माझा जीव तिथेच अडकलेला आहे.

मॉड, म्हणजे खेळात आपली भर, बनवणाऱ्याला डीसीएस दोन वाटा देतो. पहिली साधी: लुआ भाषेतल्या एका फाइलमध्ये मॅकनुसार, म्हणजे ध्वनीच्या तुलनेतल्या वेगानुसार, ड्रॅग (हवेचा विरोध), लिफ्ट (वर उचलणारं बळ) आणि जास्तीत जास्त रोल (कुशीवर वळणं) यांचा तक्ता भरायचा, इंजिनाच्या जोराचा दुसरा तक्ता द्यायचा, बाकीचं सिम्युलेटर बघतो. विमान उडतं, वळतं, पण त्याला स्वभाव नसतो. दुसऱ्या वाटेत आपणच लिहिलेली डीएलएल, म्हणजे प्रोग्रामची फाइल, सिम्युलेटरला जोडायची. तो दर ६ मिलिसेकंदांनी विचारतो: आत्ता हवा इतकी दाट, वेग इतका, कोन इतका, तर विमानावर बळ किती आणि त्याला फिरवणारा जोर किती? उत्तर आपण द्यायचं. तेजससाठी दुसरी वाट घेण्यावाचून इलाज नव्हता, कारण तेजसचं वैशिष्ट्य स्वभावातच आहे.

पंखाचं क्षेत्रफळ ३८.४ चौरस मीटर. विस्ताराच्या वर्गाला त्यानं भागलं तर १.७५ येतात. एफ-१६ चा हाच आकडा ३ आहे. म्हणजे तेजसचा पंख आखूड आणि पसरट. असा पंख हवेत जास्त कोनात धरला तर तो लगेच हार मानत नाही. पुढच्या कडेवरून हवेचा भोवरा सुटतो, पंखाच्या पाठीवरून फिरत जातो आणि लिफ्ट देत राहतो. या भोवऱ्याच्या लिफ्टचा हिशेब कसा करायचा ते नासाच्या लँग्ली केंद्रातल्या एडवर्ड पोलहॅमस यांनी १९६६ मध्ये दाखवलं, आणि त्यांची रीत आजही घरच्या संगणकावर चालवता येते इतकी सुटसुटीत आहे. लहान कोनांसाठी मी पंखाचे चौकोन पाडून व्हॉर्टेक्स लॅटिस पद्धतीनं आकडे काढले, मोठ्या कोनांसाठी त्यात पोलहॅमसची भर घातली. पण भोवऱ्याच्या लिफ्टची किंमत ड्रॅगमध्ये मोजावी लागते. तेजस कचकन वळतं आणि वळता वळता वेग गमावतं. इंजिन आहे अमेरिकेच्या जीई कंपनीचं एफ-४०४, आयएन-२० आवृत्ती, आफ्टरबर्नरसह (मागच्या बाजूला जास्तीचं इंधन जाळून) जोर सुमारे ८५ किलोन्यूटन. साडेनऊ टन वजनाला हा जोर वजनाच्या ०.९ पट पडतो. गमावलेला वेग परत मिळवायला वैमानिकाला नाक खाली टाकावं लागतं. आमच्या मॉडेलमध्ये हे आपोआप घडायला लागलं, कुठेही मुद्दाम लिहावं लागलं नाही, तेव्हा आकड्यांवर माझा विश्वास बसला.

इथपर्यंत वायुगतिकी झाली. तेजसचं खरं कौशल्य मात्र नियंत्रणात आहे, आणि ते समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

शेपटीला आडवे पंख नसलेल्या डेल्टाची एक जुनी अडचण आहे. नाक वर करायचं तर मागच्या कडेचे इलेव्हॉन वर उचलावे लागतात, आणि ते उचलले की पंखाची लिफ्ट कमी होते. वैमानिक काठी ओढतो वर जायला, आणि विमान आधी क्षणभर खाली बसतं. शिवाय सरळ उडतानाही नाक धरून ठेवायला इलेव्हॉन वर ठेवावे लागत असतील, तर ते नुकसान सतत चालू. यावरचा उपाय म्हणजे गुरुत्वमध्य मागे नेऊन विमान मुद्दाम अस्थिर करणं. मग नाक आपणहून वर जाऊ पाहतं, ते रोखायला इलेव्हॉन खाली झुकवावे लागतात, आणि खाली झुकलेले इलेव्हॉन लिफ्ट वाढवतात. जे नुकसान होतं त्याचाच फायदा झाला. त्याच्या बदल्यात असं विमान माणसाच्या हातानं उडवता येत नाही. चार समांतर वाहिन्यांचा संगणक प्रत्येक क्षणी ते सावरत असतो.

मी मुद्दाम एकदा नियंत्रण बंद ठेवून आमचं तेजस उडवून पाहिलं. धावपट्टी सोडून चाकं आत जाईपर्यंतसुद्धा ते टिकलं नाही. नाक वर गेलं आणि विमान उलटंपालटं होऊन कोसळलं. ते पाहताना मला भीती वाटली, आणि ज्यांनी हे पहिल्यांदा खऱ्या विमानासाठी सोडवलं त्यांच्याबद्दल अपार आदर वाटला. १९९६ मध्ये तेजसचे नियंत्रण-नियम अमेरिकेत एफ-१६ व्हिस्टा या विमानावर उडवून पाहिले गेले होते. व्हिस्टा दुसऱ्या विमानाचा स्वभाव धारण करू शकतं. पुढे मे १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्या झाल्या, निर्बंध आले आणि तिथे काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत पाठवलं गेलं. उरलेलं काम बंगळुरूत झालं. ४ जानेवारी २००१ ला विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी पहिलं उड्डाण केलं. तेजस आकाशात जाण्याआधी कितीतरी वर्षं सिम्युलेटरमध्ये उडत होतं, ही गोष्ट मला या कामात फार धीर देऊन गेली.

आमचा नियंत्रण-नियम अर्थातच खऱ्या तेजसचा नाही, तो जाहीर नाही आणि नसावाच. पाठ्यपुस्तकांतल्या तत्त्वांवर मी तो बांधला. जास्त वेगात काठी म्हणजे जी ची (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर, त्याची) मागणी, कमी वेगात काठी म्हणजे कोनाची मागणी, मध्ये हळूहळू एकातून दुसऱ्यात. वरची मर्यादा ८ जी, खाली उणे साडेतीन. हवेचा दाब वाढला की इलेव्हॉनची तीच हालचाल जास्त परिणाम करते, म्हणून प्रत्येक गुणक दाबाप्रमाणे बदलायचा. ध्वनीचा वेग ओलांडताना आणखी एक गंमत होते: लिफ्टचा केंद्रबिंदू मागे सरकतो आणि हेच अस्थिर विमान स्थिर होतं. बाहेरचा कॅमेरा लावून बघितलं तर खाली झुकलेले इलेव्हॉन हळूहळू वर येताना दिसतात.

इलेव्हॉन दोन कामं करतात, नाक वर-खाली आणि कुशीवर वळणं. काठी एकदम कोपऱ्यात खेचली तर दोन्ही मागण्या मिळून इलेव्हॉनच्या आवाक्याबाहेर जातात. तेव्हा कुणाला आधी द्यायचं? नाकाला. रोल थोडा हळू झाला तर चालतो, अस्थिर विमानाचं नाक सुटलं तर सगळं गेलं. आणि तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिकचा हात इलेव्हॉन ठरावीक वेगापेक्षा जास्त भरभर हलवू शकत नाही. ती मर्यादा मॉडेलमध्ये घातली की संगणकाची दुरुस्ती उशिरा पोचते, वैमानिक घाबरून उलट काठी मारतो, तीही उशिरा पोचते, आणि विमान डोलायला लागतं. स्वीडनच्या ग्रिपेनला १९८९ आणि १९९३ मध्ये नियंत्रण प्रणालीतल्या याच प्रकारच्या दुखण्यानं अपघात झाले होते. मी त्या दोन्ही अपघातांबद्दल मिळेल ते वाचलं आणि काठीच्या मागणीवरच आधी लगाम घातला, म्हणजे इलेव्हॉनवर त्यांना झेपणार नाही असा हुकूम येतच नाही.

पडताळणी कशी करायची? २०१६ च्या जानेवारीत तेजस बाहरीनच्या हवाई प्रदर्शनात उडालं, त्यानंतरही एरो इंडियात अनेकदा. लोकांनी काढलेल्या चित्रफिती भरपूर आहेत. पूर्ण वर्तुळाला लागलेला वेळ घड्याळानं मोजता येतो, आणि विमानाची लांबी माहीत असल्यानं वेगाचा अंदाजही बांधता येतो. सेकंदाला १५० मीटर वेगानं ५ जी चं वळण घेतलं तर त्रिज्या साधारण ४७० मीटर येते आणि वर्तुळ जेमतेम २० सेकंदांत पुरं होतं. असे अंदाज चित्रफितीशी जुळवायचे, आपलं विमान त्याच वजनाला तसंच उडवायचं आणि दोन्ही शेजारी लावून बघायचं. जिथे आमचं विमान प्रदर्शनातल्या तेजसपेक्षा चांगलं उडायचं, तिथे मी ड्रॅग वाढवला. आपल्या देशाचं म्हणून चार अंश जास्त देण्याचा मोह सारखा होतो. जेएफ-१७ ला हरवलं की मित्रमंडळी खूश होतात. पण फुगवलेल्या आकड्यांचं तेजस हे तेजसच नव्हे.

उतरताना हे विमान सगळ्यात सुंदर वाटतं. नाक वर, स्लॅट बाहेर, भोवऱ्यावर तोलून धरलेलं. या स्थितीत वेग कमी झाला तर ड्रॅग वाढतो, म्हणून हळू होण्यासाठी आधी थ्रॉटल कमी आणि मग तिथेच टिकण्यासाठी जास्त, असा उलटा व्यवहार करावा लागतो. जमिनीजवळ पंखाखालची हवा दाबली जाते आणि विमान तरंगतं. मागची चाकं टेकली की नाक थोडा वेळ हवेत धरायचं, मग पॅराशूट. एफ-१६ उडवून आलेले खेळाडू इथे हमखास लांब जातात, आणि दोन-तीन उतराईंत शिकतात.

कॉकपिटमध्ये तीन मोठे पडदे आणि समोर हड, म्हणजे नजरेसमोर आकडे दाखवणारी काच. खऱ्या विमानातला हड चंदीगडच्या सीएसआयओ या प्रयोगशाळेनं घडवलेला. पडद्यांवरची जी चिन्हं चित्रफितींत स्पष्ट वाचता येतात तेवढीच आम्ही काढली. बाकीची पानं उघडतात आणि रिकामी राहतात. रडारला आम्ही सिम्युलेटरच देतो तेवढीच शक्ती दिली, प्रतिकार यंत्रणांना हातच लावला नाही. काही जणांना हे अपुरं वाटतं. मला ते तसंच ठेवायचं आहे.

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरच्या कारखान्यात तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. मिग आणि सुखोईनंतर आता आमच्या गावावरून तेजस जाणार. नवं रडार, नवी यंत्रणा, पण अंगकाठी जवळजवळ तीच, त्यामुळे आमच्या मॉडेलला त्यासाठी फारसं मोडावं लागणार नाही.

त्याआधी मला नौदलाचं तेजस करायचं आहे. गोव्यात आयएनएस हंसा तळावर जहाजाच्या डेकसारखी, टोकाला वर वळलेली धावपट्टी आणि उतरणारं विमान अडवणारी पकडतार उभारलेली आहे. तिथल्या चढावरून ते २० डिसेंबर २०१४ ला पहिल्यांदा झेपावलं, आणि ११ जानेवारी २०२० ला विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर उतरलं. त्याच्या पंखांच्या मुळाशी लेव्हकॉन नावाचे हलणारे तुकडे आहेत, ते भोवरा आणखी आवळून धरतात आणि उतरण्याचा वेग कमी करतात. म्हणजे मोठ्या कोनांचे सगळे तक्ते नव्यानं. डीसीएसमध्ये रशियाचं कुझनेत्सोव हे अशाच वर वळलेल्या डेकचं जहाज आहेच, सराव तिथे होईल. सध्या मी पुढच्या चाकाच्या स्ट्रटची, म्हणजे त्याच्या दांड्याची, ताठरता जुळवते आहे, कारण त्या चढाच्या बाकावर चढताना सगळा दाब तिथेच येतो. ती बसली की लेव्हकॉनचे तक्ते हातात घेईन.